घरातल्या घरात ठरणारी किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंपन्यांच्या कराचा प्रश्न निघाला की आपल्यातले बरेच कार्यकर्ते मनातल्या मनात वही मिटून ठेवतात. हा चार्टर्ड अकाउंटंटांचा प्रांत आहे, आपले काम मोर्चाचे, संघटनेचे, फार तर अर्थसंकल्पावर एखादे निवेदन काढण्याचे, अशी आपण स्वतःची समजूत करून घेतली आहे. ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्या हिशेबवहीमुळे सरकारचा कर बुडतो, त्याच वहीमुळे कामगाराचा बोनस आटतो आणि ग्राहकाला औषध महाग पडते, असे मला आज मांडावयाचे आहे. तीन वेगवेगळ्या आघाड्यांवर आपण तीन वेगवेगळी भांडणे लढत असतो; पण त्या तिन्हींचा उगम पुष्कळदा एकाच पानावर असतो.

ते पान कोणते? एकाच मालकाच्या दोन कंपन्यांमधील व्यवहारांचे.

ग्रामीण भागातून आलेल्या साथींना हा विषय नवा वाटू नये. समजा, एका साखर कारखान्याची मळी एका मद्यार्क प्रकल्पाला विकली जाते आणि तो प्रकल्प कारखान्याच्या संचालकांच्याच कुटुंबाचा आहे. मळीचा भाव टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली तीच माणसे ठरवतात. भाव कमी लावला की कारखान्याचे उत्पन्न घटते, उसाला द्यायला पैसे नाहीत असे सभासदांना सांगता येते, आणि नफा मात्र पलीकडच्या प्रकल्पात उमटतो. मळी तीच, टँकर तोच. वजनकाट्यातही काही खोट नाही. बदलला तो फक्त बिलावरचा आकडा. शेतकरी हे क्षणात ओळखतो. हाच व्यवहार दोन देशांच्या सीमेवरून झाला, मळीच्या जागी औषधाची भुकटी, तांबे, कर्ज किंवा बोधचिन्ह आले, की त्याला 'ट्रान्स्फर प्रायसिंग' असे भारदस्त नाव मिळते आणि आपण दबून जातो.

बाजारातली किंमत दोन परक्यांच्या घासाघिशीतून ठरते. घरातल्या घरात ठरणारी किंमत हा हुकूम असतो. नफा कोणत्या देशात, कोणत्या कंपनीच्या नावावर दिसावा, याविषयीचा तो हुकूम असतो. ज्या देशात कर अधिक तिथे खर्च दाखवावा, जिथे कर नाममात्र तिथे नफा दाखवावा, एवढेच त्याचे सूत्र आहे. हा हुकूम प्रामुख्याने तीन वाटांनी बजावला जातो: मालाची किंमत, कर्जावरचे व्याज आणि नाव किंवा ज्ञान वापरण्याबद्दलची रॉयल्टी. या तीन वाटा एकेक करून पाहू.

मालाची किंमत

पहिली वाट सर्वांत जुनी. १९७३ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने रॉश या स्विस औषध कंपनीच्या दोन औषधांविषयी अहवाल दिला. लिब्रियम आणि व्हॅलियम ही ती औषधे. त्यांतील मूळ द्रव्ये ब्रिटनमधील उपकंपनी आपल्या स्विस घराण्याकडून विकत घेत होती. एकाला किलोमागे ३७० पौंड, दुसऱ्याला ९२२ पौंड. इटलीत त्या काळी औषधांना पेटंट नव्हते. तिथल्या उत्पादकांकडून तीच द्रव्ये अनुक्रमे ९ पौंडांना आणि २० पौंडांना मिळत होती. म्हणजे एका किलोमागे एक्केचाळीसपट आणि शेहेचाळीसपट फरक. ब्रिटिश उपकंपनीचा नफा कागदावर माफक दिसे, कारण खरा नफा कच्च्या मालाच्या बिलातूनच स्वित्झर्लंडला पोहोचलेला असे. तिथला खजिना बुडाला आणि तिथल्या आरोग्यसेवेने औषधांची अवास्तव किंमतही मोजली. आयोगाने लिब्रियमची किंमत ६० टक्क्यांनी आणि व्हॅलियमची ७५ टक्क्यांनी खाली आणण्याची शिफारस केली.

रॉशच्या बाबतीत घडले ते अपवादात्मक होते असे कोणी म्हणू नये. त्याच सुमारास कॉन्स्टंटाइन वैत्सोस या अर्थशास्त्रज्ञाने कोलंबियातील परदेशी औषध कंपन्यांची आयातबिले तपासली. आपल्याच मातृकंपन्यांकडून घेतलेल्या मालाला त्यांनी जागतिक बाजारभावापेक्षा सरासरी १५५ टक्के अधिक किंमत लावली होती. कोलंबिया तेव्हा नफा परदेशी पाठवण्यावर मर्यादा घालीत होता. मर्यादा नफ्यावर होती, बिलावर नव्हती. म्हणून नफ्यानेच बिलाचा वेष घेतला.

खाणींच्या देशांत ही युक्ती उलट दिशेने चालते. तिथे माल बाहेर जातो, म्हणून तो स्वस्त लावायचा. झांबियातील मोपानी ही तांब्याची खाणकंपनी, त्या वेळी ग्लेनकोअर या स्वित्झर्लंडस्थित व्यापारी समूहाच्या ताब्यातली. ती आपले तांबे ग्लेनकोअरलाच विकी, आणि परक्या गिऱ्हाइकांना लावलेल्या भावापेक्षा कमी भावाने. झांबियाच्या महसूल प्राधिकरणाने २००६ ते २००९ या काळातील व्यवहार उकरून काढले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि मे २०२० मध्ये तो जिंकला. कंपनीवर सुमारे २४ कोटी क्वाचा कर बसला. गरीब देशाला हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. मात्र त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, हेही विसरू नये.

कर्जाची वाट

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे. कंपनीत पैसा दोन रूपांनी घालता येतो, भागभांडवल म्हणून किंवा कर्ज म्हणून. भागभांडवलावर लाभांश मिळतो, तो कर भरून उरलेल्या नफ्यातून. कर्जावर व्याज मिळते, आणि व्याज हा खर्च मानला जात असल्यामुळे ते कराआधीच वजा होते. परक्या माणसाच्या बाबतीत या दोहोंत खरा फरक आहे: धनको बुडू नये म्हणून तारण मागतो, भागधारक धोका पत्करतो. पण मालकच जेव्हा आपल्या कंपनीला कर्ज देतो तेव्हा हा फरक केवळ नावाचा उरतो. पैसा त्याचाच, कारखाना त्याचाच, धोकाही त्याचाच. तरी कागदावर 'कर्ज' लिहिले की नफ्याचे व्याज होते आणि व्याजाला कर लागत नाही. मग भागभांडवल तुटपुंजे ठेवून कर्ज भरमसाट दाखवण्याचा मोह कोणाला होणार नाही?

शेव्हरॉन या अमेरिकन तेलकंपनीचा ऑस्ट्रेलियातील खटला या विषयाचा उत्तम धडा आहे. २००३ साली तिच्या ऑस्ट्रेलियन कंपनीने अमेरिकेत स्वतःचीच एक उपकंपनी स्थापली. या उपकंपनीने घराण्याच्या पतीवर अमेरिकन बाजारातून सुमारे सव्वा टक्का व्याजाने पैसा उचलला आणि ऑस्ट्रेलियातील आपल्या मातृकंपनीला तो जवळजवळ ९ टक्क्यांनी दिला. कर्जाची रक्कम अडीच अब्ज डॉलर. मुलीने आईला सावकारी दराने कर्ज द्यावे असा हा प्रकार. ऑस्ट्रेलियात ९ टक्के व्याज खर्ची पडून करपात्र उत्पन्न घटले. आणि मधल्या फरकाचा जो नफा मुलीकडे साठला, तो लाभांशाच्या रूपाने परत आईकडे आला, त्यावर कर लागला नाही. कंपनीचा युक्तिवाद असा होता की, ऋणको कंपनीकडे स्वतंत्रपणे, एकटी उभी असल्यासारखे पाहावे. तशा कंपनीला बाजाराने एवढाच दर लावला असता. एप्रिल २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे मान्य केले नाही. जगातल्या बलाढ्य तेलघराण्यातील कंपनीला अनाथ समजून व्याजाचा दर ठरवता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पत मागताना घराणे सांगायचे आणि कर देताना पोरके व्हायचे, हे न्यायालयाला पटले नाही.

व्याजाच्या वाटेने संपत्ती बाहेर जाणे हा अनुभव आपल्या देशाला अपरिचित नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे उभारताना ब्रिटिश भागधारकांना ५ टक्के उत्पन्नाची हमी हिंदी महसुलातून दिली गेली होती. नफा होवो वा तोटा, रयतेने भरलेल्या पैशातून ती हमी पुरी केली जाई. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा त्यांच्या हाती दुसरे कोणतेही शस्त्र नव्हते. सरकारनेच प्रसिद्ध केलेले आयात-निर्यातीचे आणि जमाखर्चाचे आकडे घेऊन त्यांनी सरकारलाच जाब विचारला. संपत्तीच्या निस्सारणाचा सिद्धांत हिशेबवह्या वाचण्यातून जन्मला, हे आपल्या चळवळीने विसरता कामा नये.

नावाचे भाडे

तिसरी वाट रॉयल्टीची. मालाला निदान बाजारभाव असतो, व्याजालाही असतो. पण एखाद्या नावाचा, बोधचिन्हाचा, 'व्यवस्थापकीय मार्गदर्शना'चा बाजारभाव कोण सांगणार? ते नाव घराण्याबाहेर कोणाला दिलेलेच नसते. मग तुलना कशाशी करायची? म्हणूनच ही वाट आजच्या कंपन्यांना सर्वांत प्रिय आहे.

स्टारबक्स या कॉफीगृहांच्या साखळीने ब्रिटनमध्ये तिन्ही वाटा एकत्र वापरल्या होत्या. १९९८ पासून चौदा वर्षांत तिची तिथली विक्री सुमारे ३ अब्ज पौंड झाली आणि कंपनीकर भरला गेला तो अवघा ८६ लाख पौंड. २०१२ साली संसदेच्या लोकलेखा समितीसमोर तिच्या अधिकाऱ्याला बोलावण्यात आले, तेव्हा चित्र उलगडले. नाव आणि पद्धत वापरल्याबद्दल विक्रीच्या काही टक्के रॉयल्टी नेदरलँड्समधील कंपनीला जात होती. कॉफीचे दाणे स्वित्झर्लंडमधील कंपनीकडून घेतले जात आणि ती त्यावर २० टक्के चढवी. शिवाय घराण्याकडूनच घेतलेल्या कर्जाचे व्याज होतेच. ब्रिटनमधील दुकाने वर्षानुवर्षे तोट्यात दाखवली जात असताना भागधारकांना मात्र तिथला धंदा उत्तम चालल्याचे सांगितले जात होते. कायदा मोडल्याचा आरोप नव्हताच. लोकांत संताप उसळला, तेव्हा दोन वर्षांत मिळून २ कोटी पौंड आपण स्वखुशीने भरू, असे कंपनीने जाहीर केले. साथींनो, या 'स्वखुशी'वर थोडे थांबावे असे मला वाटते. कर ही देणगी झाली, तर राज्य हे याचक झाले. चपलेचा जोड घेणाऱ्या मजुराला कोणी स्वखुशी विचारीत नाही.

आपल्या अंगणात

आता हा हिशेब आपल्या अंगणात मांडून पाहू. उदाहरण कल्पित आहे. समजा, परदेशी मालकीच्या एका कारखान्याची विक्री १०० कोटी रुपये आहे. स्थानिक माल, वीज आणि इतर खर्च ४० कोटी, पगार २० कोटी, आणि मातृकंपनीकडून घेतलेल्या सुट्या भागांची वाजवी किंमत १० कोटी. खरी शिल्लक ३० कोटी. आता सुट्या भागांचे बिल १० ऐवजी १५ कोटींचे आले. रॉयल्टी ५ कोटी. व्यवस्थापन-सेवेचे शुल्क ३ कोटी. घराण्याकडून घेतलेल्या ५० कोटी कर्जावर १० टक्के दराने व्याज ५ कोटी. एकूण १८ कोटी निघून गेले, नफा उरला १२ कोटी. सुमारे २५ टक्के दराने साडेसात कोटी कर यायला हवा होता, तो ३ कोटींवर आला. रॉयल्टी, शुल्क आणि व्याज बाहेर जाताना उगमापाशी १० टक्के कर कापला असे धरले, तर आणखी १ कोटी ३० लाख. तरीही ३ कोटी २० लाख रुपये सरकारच्या हातून गेले.

सरकारचे गेले ते दिसले. कामगाराचे किती गेले? १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस ठरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला, पण हे दोन्ही आकडे कायम ठेवले. किमान बोनसच्या वर जे काही मिळायचे, ते नफ्यातून निघणाऱ्या वाटपयोग्य शिलकीवर अवलंबून असते. ३० कोटींच्या जागी १२ कोटींवर हिशेब सुरू झाला की ती शिलकीची रक्कम आपोआप आटते. वाटाघाटीला बसलेल्या युनियनच्या प्रतिनिधीला व्यवस्थापक ताळेबंद दाखवतो आणि सांगतो की आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि कायदाही त्याच्या बाजूने उभा राहतो. कारण लेखापरीक्षकाने तपासलेला कंपनीचा ताळेबंद सामान्यतः खरा मानावा, असे तत्त्व जुन्या बोनस कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. ताळेबंद खोटा नसतोच, साथींनो. आडातले पाणी भिंतीखालून शेजारच्या आडात नेले आहे, एवढेच तो आपणहून सांगत नाही.

आपल्या कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. २००१ च्या वित्त कायद्याने अशा व्यवहारांत त्रयस्थांमध्ये ठरली असती तीच किंमत धरावी, असा नियम आला. २०१७ साली परदेशी घराण्याला द्यावयाच्या व्याजाची वजावट व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आली. करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियमही १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही चौकट राखली आहे. पण एका हाताने जे बांधले ते दुसऱ्या हाताने सोडण्याचा इतिहासही तितकाच बोलका आहे. परदेशी तंत्रसहकार्याच्या रॉयल्टीवर सरकारी मंजुरीशिवाय देशांतर्गत विक्रीच्या ५ टक्के आणि निर्यातीच्या ८ टक्के अशी मर्यादा होती. डिसेंबर २००९ मध्ये ती उठवण्यात आली. ज्या प्रश्नाचे उत्तर एका साध्या आकड्याने मिळत होते, तो प्रश्न त्यानंतर प्रत्येक कंपनीपुरता वेगळा झाला आणि करअधिकारी विरुद्ध नामांकित वकील अशा असमान लढाईवर सोपवला गेला.

मुंबई उच्च न्यायालयातील २०१४ चा व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेसचा खटला या लढाईची मर्यादा दाखवतो. कंपनीने मॉरिशसमधील आपल्या मातृकंपनीला १० रुपये दर्शनी किमतीचे भाग ८,५०९ रुपये अधिमूल्याने दिले. आयकर खात्याच्या मते एका भागाची किंमत ५३,७७५ रुपये होती. उरलेली रक्कम म्हणजे मातृकंपनीला दिलेले कर्जच मानावे आणि त्यावर व्याज धरावे, अशी खात्याची भूमिका होती. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. भाग विकणे हा भांडवली व्यवहार आहे, त्यातून उत्पन्न निर्माण होत नाही, म्हणून हा नियमच त्याला लागू नाही, असे न्यायालयाने म्हटले. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अपील न करण्याचे ठरवले. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल बरोबर असेलही. प्रश्न असा आहे की, कायद्याचे शब्द इतके अपुरे का ठेवले गेले आणि अपील न करण्याचा निर्णय घेताना संसदेत त्यावर चर्चा का व्हावी लागली नाही?

मॉरिशसचे नाव निघाले म्हणून थोडे त्याविषयी. १९८२ साली त्या देशाशी झालेल्या करारामुळे तिथल्या कंपनीला भारतातील भागविक्रीच्या नफ्यावर इथे कर द्यावा लागत नव्हता, आणि तिथेही तो लागत नव्हता. दोनदा कर पडू नये म्हणून केलेल्या कराराने एकदाही कर न पडण्याची सोय झाली. आझादी बचाओ आंदोलनाने या सवलतीला आव्हान दिले. दिल्ली उच्च न्यायालयात यश आले, पण २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे परिपत्रक वैध ठरवले. करारात दुरुस्ती झाली ती २०१६ मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत या वाटेने केवळ परकेच आले असे समजू नका. सरकारनेच २०१२ च्या काळ्या पैशावरील श्वेतपत्रिकेत म्हटले आहे की, मॉरिशस आणि सिंगापूरमार्गे आलेल्या पैशात देशातूनच बाहेर जाऊन फिरून परत आलेला पैसाही असू शकतो. तेव्हा हा स्वदेशी विरुद्ध विदेशी असा वाद नाही. दोन कंपन्या आणि दोन करदर मिळाले की देशी भांडवलही हेच करते.

आक्षेपांचा विचार

आपल्यासमोर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, हे कायदेशीर आहे. बरोबर, करचुकवेगिरी हा गुन्हा आहे आणि करटाळणी हा गुन्हा नाही. पण १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, करनियोजनाच्या नावाखाली बनावट व्यवस्था खपवून घेता येणार नाही. पुढच्या निकालांनी ती धार बोथट केली, हा वेगळा इतिहास आहे. आणि कायदेशीर असणे हे समर्थन होऊ शकत नाही. उलट कायदा बदलण्याचे ते कारण आहे.

दुसरा आक्षेप, बंधने घातली तर परकीय भांडवल येणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. भांडवल येऊ द्या, पण ते भांडवल म्हणून येऊ द्या. कर्जाचा मुखवटा लावून नको. जो पैसा स्वतःच्याच कंपनीला व्याजाने दिला जातो आणि दरवर्षी नफा शोषून नेतो, त्याच्या जाण्याची भीती किती बाळगायची?

तिसरा, हे नुकसान क्षुल्लक आहे. तोर्स्लोव्ह, विअर आणि झुकमन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मायदेशाबाहेर मिळवलेल्या नफ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक नफा २०१५ साली करस्वर्गांत दाखवला गेला होता. हे क्षुल्लक म्हणता येईल काय? आणि कंपन्यांकडून जे येत नाही ते इतरांकडून घेतले जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने कंपनीकराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सुटेल असे स्वतःच सांगितले. आणि २०२३-२४ मध्ये व्यक्तींनी भरलेला आयकर कंपन्यांनी भरलेल्या करापेक्षा अधिक झाला. पगारदार माणसाला आपला पगार मॉरिशसला दाखवता येत नाही.

काय करता येईल

मग उपाय काय? आंतरराष्ट्रीय पातळीवर १५ टक्के किमान कराचा करार २०२१ मध्ये झाला. पण जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकन घराण्यांना त्याच्या मुख्य तरतुदींतून वगळण्याची तयारी दाखवली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये करविषयक जागतिक कराराच्या वाटाघाटींना मोठ्या बहुमताने मान्यता दिली आणि त्या २०२५ मध्ये सुरू झाल्या. श्रीमंत देशांच्या मंडळाऐवजी सर्व देशांच्या व्यासपीठावर हा प्रश्न यावा, ही मागणी आपण उचलून धरली पाहिजे. पण तिथल्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

मे २०२४ मध्ये घडलेली एक गोष्ट सांगतो. नेस्ले इंडियाने आपल्या स्विस मातृकंपनीला द्यावयाची रॉयल्टी विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून पाच वर्षांत सव्वापाच टक्क्यांपर्यंत नेण्याचा ठराव मांडला. सेबीच्या नियमानुसार विक्रीच्या ५ टक्क्यांपुढे रॉयल्टी न्यायची, तर बाहेरच्या भागधारकांची संमती लागते. त्यांनी मतदान करून ठराव फेटाळला. हे भागधारक काही समाजवादी नव्हते. आपला लाभांश घटेल एवढेच त्यांनी पाहिले. पण त्यांना माहिती मिळाली, मताचा अधिकार मिळाला, आणि घरातल्या घरात ठरणारी किंमत थांबली. जो अधिकार भागधारकाला आहे तो त्याच कारखान्यात आयुष्य घालवणाऱ्या कामगाराला का नसावा?

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. रॉयल्टी आणि सेवाशुल्कावर आकड्यातली मर्यादा पुन्हा यावी. मोठ्या घराण्यांनी देशवार नफा, कामगारसंख्या आणि कर यांचा जो तक्ता २०१६ च्या कायद्यानुसार आयकर खात्याला द्यावयाचा असतो, तो जनतेसमोर खुला व्हावा. युरोपीय संघाने आणि ऑस्ट्रेलियाने तसे कायदे केले आहेत. आणि बोनस व वेतनाच्या वाटाघाटीत घराण्यांतर्गत व्यवहारांचा तपशील मागण्याचा हक्क युनियनला मिळावा. तो न दिल्यास ताळेबंद खरा मानण्याचे गृहीतकही लागू होऊ नये.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत काय? कंपनी निबंधकाकडे दाखल झालेला वार्षिक ताळेबंद अल्प शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. त्यात 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या मथळ्याची एक टीप असते. मातृकंपनीकडून किती माल घेतला, रॉयल्टी किती दिली, कोणत्या दराने कर्ज घेतले, हे तिथे बहुधा लिहिलेले असते. आणि आपण ते पान उलटून पुढे जातो. पुढील बैठकीला येताना प्रत्येक औद्योगिक वसाहतीतील साथींनी आपल्या भागातील एका तरी कंपनीच्या तीन वर्षांच्या टिपा घेऊन याव्यात. रॉयल्टी, सेवाशुल्क आणि व्याज या तीन रकमांची बेरीज करावी आणि तिच्या शेजारी त्या वर्षी वाटलेला बोनस व भरलेला कर लिहावा. एवढा एक कागद घेऊन आपण वाटाघाटीला बसलो, तर आडात पाणी नाही हे उत्तर व्यवस्थापकाला पूर्वीइतक्या सहजपणे देता येणार नाही. त्या कागदावरूनच आपली पुढची चर्चा सुरू करू.